परक्या रेल्वेची वाघीण जालन्यात येईल कशी?

तुमचा प्रश्न मला असा समजला. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद फळीवर, १:८७ या प्रमाणात, तुम्ही १९६५ सालच्या जालना स्थानकाचे मॉडेल उभारत आहात आणि त्यासाठी १२ मिलिमीटरचे रूळ अंथरले आहेत. मध्य रेल्वेच्या गाड्या तर धावणारच आहेत. त्यांच्या जोडीला दुसऱ्या रेल्वेच्या कोणत्या गाड्या चालवल्या तर त्या इतिहासाला धरून वाटतील, हे तुम्हाला हवे आहे. तुमच्याकडे जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला ही जुनी रेल्वे) अक्षरे असलेल्या, १६.५ मिलिमीटर रुळावर चालणाऱ्या दोन वाघिणी, म्हणजे मालडबे, आहेत, मित्राने दिलेली पश्चिम रेल्वेची मीटर गेजची (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गाची) एक वाघीण आहे, 'दक्षिण मध्य' असे लिहून रंगवलेले तीन प्रवासी डबे आहेत, आणि बार्शी लाइटचे छोटे इंजिन घेण्याची फार इच्छा आहे.

मी परभणीत राहतो. आयटीआयमध्ये फिटर हा विषय शिकवण्यात माझी नोकरी झाली आणि गेली तेवीस वर्षे परभणी ते पूर्णा या पट्ट्याचे मीटर गेज मॉडेल मी घरी करतो आहे. तुमच्यासारखाच प्रश्न मलाही पहिल्या दोन-तीन वर्षांत पडला होता आणि त्या वेळी मी त्याचा विचार चुकीच्या टोकाकडून केला. कोणता डबा सुंदर आहे आणि तो इथे 'चालेल का', असे मी विचारत असे. तेव्हा माझ्या परभणीच्या सायडिंगला बार्शी लाइटचे एक इंजिन उभे होते, रंगकाम मन लावून केलेले. पूर्ण्याहून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब एकदा घरी आले, त्या इंजिनासमोर बराच वेळ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "सर, हे इंजिन इथवर आलं कोणत्या रुळावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी मी ते इंजिन उचलून कपाटात ठेवले, आणि तेव्हापासून प्रत्येक परक्या वाहनाला मी आधी हाच प्रश्न विचारतो: कोणत्या रुळावरून आले, कोणत्या साली आले आणि काय घेऊन आले. या तिन्हींचे उत्तर एका वाक्यात देता आले तरच ते वाहन माझ्या फळीवर येते.

यातला रुळाचा प्रश्न मराठवाड्यात सर्वांत कठीण आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. परदेशी मॉडेलकारांचे लेख वाचून आपण समजतो की शेजारच्या कंपनीची गाडी सहज आपल्या स्थानकात येते, कारण त्यांच्याकडे बहुतेक ठिकाणी एकाच मापाचे रूळ होते. आपल्याकडे तसे नव्हते. मनमाड ते सिकंदराबाद हा निजामच्या राज्यातल्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०१ पर्यंत पूर्ण झाला तो मीटर गेजचा. मनमाडला जी.आय.पी.चा मुंबई-भुसावळ मार्ग ब्रॉड गेजचा आणि दौंडकडून येणारा फाटाही ब्रॉड गेजचा. दक्षिणेला लातूरपर्यंत १९११ मध्ये पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची, म्हणजे अडीच फुटी नॅरो गेज. विकाराबादहून बीदरमार्गे परळी वैजनाथला आलेला निजाम स्टेट रेल्वेचाच मार्ग ब्रॉड गेजचा, तर परभणीहून परळीला येणारा त्याच रेल्वेचा फाटा मीटर गेजचा. एका मालकाच्या दोन गाड्या परळीला समोरासमोर उभ्या राहत, पण एकीची वाघीण दुसरीच्या रुळावर जाऊ शकत नसे. तेव्हा आपल्या भागात 'कोणाची गाडी' यापेक्षा 'कोणत्या गेजची गाडी' हे आधी पाहावे लागते.

मी यासाठी भिंतीवर एक नकाशा लावला आहे. ब्रॉड गेजला पांढरा दोरा, मीटर गेजला लाल, नॅरो गेजला निळा. दोन रंग एकत्र येतात पण जोडले जात नाहीत, तिथे टाचणी. मनमाड, परळी आणि कुर्डुवाडी या टाचण्या पहिल्याच दिवशी लागल्या. एखादी वाघीण घ्यावीशी वाटली की मी लाल दोऱ्यावर बोट ठेवतो आणि तिच्या मूळ गावापासून परभणीपर्यंत बोट न उचलता येता येते का ते पाहतो. हा खेळ वाटेल, पण माझ्या निम्म्याहून अधिक चुका याच दोऱ्यांनी थांबवल्या आहेत.

बोट न उचलता कुठवर जाता येते, हे सालावर अवलंबून आहे. सुरुवातीच्या काळात निजामच्या राज्यातले मीटर गेज हे जवळजवळ एकटे बेट होते. पुढे दक्षिणेकडे कर्नूल-द्रोणाचलमच्या बाजूने मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मीटर गेजशी त्याचा सांधा जुळला. उत्तरेकडे पूर्णा-हिंगोली फाटा १९१२ पासून होता, पण हिंगोलीच्या पुढे रूळ नव्हते. हिंगोली-अकोला-खंडवा हा दुवा स्वातंत्र्यानंतर बांधला गेला. तो जुळला आणि मग अजमेर, रतलाम, खंडवा, अकोला, पूर्णा, सिकंदराबाद आणि पुढे दक्षिण असे सलग मीटर गेज तयार झाले. १९६५ हे साल निवडून तुम्ही नकळत फार चांगली निवड केली आहे, कारण तेव्हा हा दुवा जुळलेला होता. हेच मॉडेल १९३५ चे असते तर पश्चिमेकडची, म्हणजे तेव्हाच्या बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची, मीटर गेज वाघीण जालन्याला आणायला मला काही कारण सापडले नसते.

आता सालाविषयी. निजाम स्टेट रेल्वे आणि जी.आय.पी. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाल्या. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने घेतली. दक्षिण मध्य रेल्वे २ ऑक्टोबर १९६६ रोजी स्थापन झाली आणि सिकंदराबाद विभाग तिच्याकडे गेला. याचा अर्थ, तुमच्या १९६५ च्या जालन्यात 'दक्षिण मध्य' ही अक्षरे अस्तित्वातच नव्हती. ते तीन डबे तुम्ही मन लावून रंगवले असणार, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटते. पण डबे टाकून द्यायची गरज नाही. अक्षरांपुरता भाग उतरवून तिथे मध्य रेल्वेची अक्षरे घाला, किंवा तुमचे साल १९६८ करा. साल तीन वर्षे पुढे नेल्याने बाकी फार थोडे बदलते आणि तिन्ही डबे घरचे ठरतात. मी तुमच्या जागी असतो तर साल बदलले असते. मात्र तुमच्या घरच्या कुणाच्या आठवणीमुळे १९६५ हे साल ठरले असेल, तर अक्षरे बदला.

तिसरा प्रश्न, काय घेऊन आले, हा मला सर्वांत आवडतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की इंजिन, प्रवासी डबा आणि मालवाघीण यांचे फिरणे वेगवेगळे असते. इंजिन आपल्या शेडला बांधलेले असते. ठरलेल्या टप्प्यापर्यंत जाते आणि परत येते. प्रवासी डबे ठरलेल्या गाडीबरोबर ठरलेल्या मार्गावर फिरतात. मालवाघीण मात्र माल नेईल तिकडे जाते, आणि सर्वसाधारण वाघिणींचा सगळ्या रेल्वेंमध्ये सामाईक साठा (इंग्रजीत 'पूल') असल्याने ती रिकामी झाली की मालकाकडे तशीच धाडायची गरज नसे. जिथे आहे तिथेच पुन्हा भरून तिसऱ्याच दिशेला पाठवता येत असे. म्हणून 'दुसऱ्या कंपनीची गाडी' या शब्दांनी आपल्या डोळ्यांसमोर परके इंजिन आणि त्यामागे परके डबे असे चित्र येते, ते जालन्यासाठी चुकीचे आहे. घरचे वायजी किंवा वायपी वाफेचे इंजिन, मागे घरच्या वाघिणी, आणि त्यांच्यात मधेच एक-दोन दूरगावच्या, असे ते चित्र हवे.

म्हणूनच तुमच्या मित्राने दिलेली पश्चिम रेल्वेची वाघीण ही तुमच्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. तिची गोष्ट मी अशी लिहीन: राजस्थानात सांभरला मीठ भरले, फुलेरा-अजमेरवरून रतलाम, खंडवा, अकोला, हिंगोली, पूर्णा असे करत, एकदाही माल न उतरवता वाघीण जालन्याच्या मालधक्क्याला लागली. सांभर तलावाजवळचे रूळ मीटर गेजचे होते आणि तो भाग पश्चिम रेल्वेकडे होता, तेव्हा बोट कुठेही उचलावे लागत नाही. मिठाच्या वाघिणीला खालच्या कडेने आणि दाराच्या खोबणीत मिठाचा पांढरट थर येतो. टोकदार ब्रशवर अगदी थोडा फिकट करडा रंग घेऊन, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून, तो दाराच्या बिजागऱ्यांखाली उभा ओढा. त्याच्या शेजारी गंजाचा तपकिरी ठिपका असू द्या. एवढ्याने ती वाघीण कुठून आली हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. परतताना तिच्यात काय भरायचे? जालन्याची सरकी, कापसाच्या गाठी, भुसार. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर चढतो, म्हणून तुमच्या मॉडेलचा महिना मार्गशीर्ष किंवा पौष ठेवला तर मालधक्क्यावर गाठींचा ढीग आणि मोकळ्या वाघिणींची गर्दी दोन्ही योग्य ठरतात.

याच रीतीने दक्षिण रेल्वेची एखादी वाघीण द्रोणाचलमकडून येऊ शकते. तेल कंपन्यांच्या टाकीवाघिणी या सामाईक साठ्यात मोडत नाहीत, त्या ठरलेल्या फेरीवर असतात, म्हणून रॉकेलची टाकी जालन्यात ठेवलीत तर तिच्यासाठी एक वेगळी लहान सायडिंग आणि रिकामी परतण्याची फेरीही ठेवा. फार दूरच्या, उदाहरणार्थ पूर्वोत्तर रेल्वेच्या वाघिणीला मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच बाहेर काढतो.

प्रमाणाबद्दल माझा अनुभव सांगतो. हा आकडा कुठल्या नोंदवहीतून घेतलेला नाही, डोळ्याला पटेपर्यंत बदलत बदलत ठरलेला आहे. वीस वाघिणींच्या गाडीत मी पंधरा-सोळा घरच्या ठेवतो, तीन-चार शेजारच्या आणि एक लांबची. तुमच्या दहा फुटांच्या फळीवर गाडी आठ-दहा वाघिणींचीच होईल, तेव्हा परकी एक पुरे, फार तर दोन. हौशी लोकांचे मॉडेल खोटे वाटते ते बहुधा इथेच: प्रत्येक वाघीण दुसऱ्या रेल्वेची असते आणि घरची शोधावी लागते. तेव्हा पुढची खरेदी मध्य रेल्वेच्या साध्या, मळलेल्या, एकसारख्या झाकलेल्या वाघिणींची करा. त्या कंटाळवाण्या वाटतील, पण मिठाची ती एक वाघीण उठून दिसते ती त्यांच्यामुळेच.

आता जी.आय.पी.च्या दोन वाघिणी. ब्रॉड गेजच्या असल्याने त्या १९६५ मध्ये जालन्याला येऊच शकत नाहीत; मनमाडच्या पुढचे रूळ ब्रॉड गेजचे व्हायला १९९० चे दशक उजाडले. शिवाय जी.आय.पी. हे नाव संपून चौदा वर्षे झालेली होती. पण त्यांना जागा मिळू शकते, आणि ही जागा माझ्या मते तुमच्या संपूर्ण मॉडेलला अर्थ देईल. फळीच्या पश्चिम टोकाला, जिथे गाडी भिंतीआड जाते, तिथे दोन फूट लांब आणि आठ इंच रुंद अशी एक वेगळी फळी जोडून मनमाडचा अदलाबदलीचा धक्का उभारा. मधे पत्र्याचे छप्पर असलेला धक्का, एका अंगाला तुमचा १२ मिलिमीटरचा रूळ, दुसऱ्या अंगाला ब्रॉड गेजचा. एका वाघिणीतले पोते हमालाच्या पाठीवरून दुसरीत जाते, एवढेच तिथे घडते, आणि मराठवाड्याच्या मालवाहतुकीचे हेच नेमके चित्र होते. गव्हाची, मिलो ज्वारीची, सिमेंटची, कोळशाची जी वाघीण तुम्हाला आवडते, ती ब्रॉड गेजच्या अंगाला बिनधोक उभी करा, कारण मनमाडच्या मुख्य मार्गावर देशभरातल्या वाघिणी येत. परक्या गाड्यांची सगळी हौस या दोन फुटांत भागते आणि जालना शुद्ध राहते.

इथे एक कारागिरीची गोष्ट. १:८७ मध्ये १६७६ मिलिमीटरचे ब्रॉड गेज १९.२६ मिलिमीटर येते. बाजारातला १६.५ मिलिमीटरचा रूळ हा युरोपातल्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे. एरवी आपण तो चालवून घेतो, पण १२ मिलिमीटरच्या शेजारी ठेवला की दोन गेजमधला फरक डोळ्याला फार कमी दिसतो. खऱ्या रुळांत तो दीडपटीहून जास्त होता. तुमच्या धक्क्यावरच्या ब्रॉड गेज वाघिणी चालणार नाहीत, नुसत्या उभ्या राहणार आहेत. म्हणून तिथला रूळ हाताने, १९ मिलिमीटर अंतर ठेवून, लाकडी पट्ट्यांवर ठोका, आणि वाघिणींचे आस काढून चाके तेवढी बाहेर सरकवा. अडीच-तीन तासांचे काम आहे. मी परळीच्या कोपऱ्यात हे केले तेव्हा पहिल्यांदा दोन गेज शेजारी उभी आहेत असे मला स्वतःला वाटले. मीटर गेज या प्रमाणात ११.५ मिलिमीटर येते, म्हणजे तुमचा १२ चा रूळ अर्धा मिलिमीटर मोठा आहे. तो फरक सोडून द्या.

जी.आय.पी. ही अक्षरे पूर्ण पुसू नका. वाघीण दुरुस्तीला गेली की नवी अक्षरे पडत, आणि जुन्या रंगाखालून आधीची अक्षरे पुसट डोकावणे शक्य असते. मी आधी जुन्या अक्षरांवर मूळ रंगाचा पातळ हात देतो, इतका पातळ की अक्षर ओळखू येईल पण वाचण्यासाठी जवळ यावे लागेल. मग त्याच्या बाजूला हाताच्या पंजाएवढ्या, म्हणजे मॉडेलवर सुमारे दोन मिलिमीटरच्या उंचीची, ताजी अक्षरे. दोन वाघिणींपैकी एकीवरच हे करा; दोन्हींवर केले तर ती युक्ती दिसते. निजाम स्टेट रेल्वेच्या जुन्या मीटर गेज वाघिणींनाही हीच रीत लागू आहे, आणि त्या तर तुमच्या जालन्यात हक्काने येतात.

बार्शी लाइटच्या इंजिनाविषयी मी तुमचा मोह पूर्ण समजू शकतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी पाच टनांच्या आसभाराचा (एका आसावर येणाऱ्या वजनाचा) हिशेब धरून आखलेली ती रेल्वे आणि लीड्सच्या किटसन कारखान्यातली तिची आठ चाके एकमेकांना जोडलेली इंजिने, हा जगभरच्या नॅरो गेजप्रेमींचा आवडता विषय आहे. पण कुर्डुवाडी-बार्शी-लातूर हा निळा दोरा लाल दोऱ्याला कुठेच शिवत नाही. परभणीत मी केलेली चूक तुम्ही जालन्यात करू नये. इंजिन जरूर घ्या आणि त्याला लातूरचे वेगळे घर द्या: ७६२ मिलिमीटर या प्रमाणात ८.७६ येते, म्हणून ९ मिलिमीटरचा रूळ चपखल बसतो. तीन फुटांच्या फळीवर लातूरचा एक फलाट, तुरीच्या पोत्यांचा धक्का आणि इंजिनाला पाणी भरायची टाकी एवढे मावते. ती फळी जालन्याला जोडू नका. खोलीच्या दुसऱ्या भिंतीला लावा.

प्रवासी गाड्यांत परके डबे जालन्यात कमीच शोभतील. मनमाडला गाडी बदलावी लागत असल्याने मुंबईचा डबा थेट येत नव्हता, आणि उत्तर-दक्षिण धावणाऱ्या गाड्या पूर्ण्याहून हिंगोलीकडे वळत, जालन्याला येत नसत. पुढे कधी पूर्णा जंक्शन करायचे ठरवले आणि काळ १९८० चा घेतला, तर काचीगुडाहून राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस तिथे उभी राहू शकते आणि काचीगुडा-मनमाड अजिंठा एक्सप्रेसशी तिची गाठ पडू शकते. मग परक्या डब्यांचा विचार वेगळा करावा लागेल. १९६५ साठी मात्र एक अपवाद मी मोकळ्या मनाने ठेवतो. त्या वर्षी युद्ध झाले. लष्करी सामानाची एखादी खास गाडी, ज्यात तीन-चार रेल्वेंच्या उघड्या वाघिणी एकत्र आहेत आणि त्यांवर ताडपत्रीखाली वाहने आहेत, ती वर्षातून एकदा चालवायला हरकत नाही. १९७२ च्या दुष्काळाचा काळ घेतला असता तर धान्याच्या गाड्यांनाही हेच कारण मिळाले असते, आणि मनमाडचा तुमचा धक्का रात्रंदिवस चालू दाखवता आला असता.

कामाचा क्रम विचाराल तर असा ठेवा. आधी 'दक्षिण मध्य'च्या डब्यांचा निर्णय घ्या, कारण तुमचे साल त्यावर ठरते. मग पश्चिम रेल्वेच्या वाघिणीवर मिठाचे काम करा. मनमाडची फळी कापण्याआधी जालन्याकडचा रूळ तिथे कोणत्या उंचीवर पोहोचतो ते मोजा, कारण ब्रॉड गेजच्या वाघिणीचा तळ मीटर गेजच्या तळाशी जुळणार नाही. तेवढा फरक मधल्या लाकडी फळ्यांनी भरून काढायचा आहे आणि त्या फळ्यांवरून हमाल चालताना दिसायला हवा. माझ्याकडे दोन तळांत चार मिलिमीटरचा फरक आला होता. तुमच्याकडे किती येतो तो आकडा मला कळवा, म्हणजे फळ्यांचा उतार काढून देतो.